मोठा पडदा आणि बेताचे घर

दूरचित्रवाणीचा संच घ्यावयास गेलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो इंचांचा. किती इंची दाखवू? दुर्गापूजेच्या आधीच्या पंधरवड्यात कोलकात्याच्या चांदनी चौकात थोडा वेळ उभे राहिले, तरी बंगाली आणि हिंदी अशा दोन्ही वळणांनी हा एकच प्रश्न कानी पडत राहतो. गिऱ्हाईक क्षणभर थांबते, खिशाचा अंदाज घेते, घरातली भिंत डोळ्यांपुढे आणते आणि एक आकडा सांगते. तो आकडा बहुधा शेजाऱ्याच्या संचाहून थोडा मोठा असतो. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या बचतीतील बराच मोठा वाटा ज्या आकड्यावर खर्ची पडतो तो आला कोठून, वाढत कसा गेला आणि आपल्या घरासाठी तो किती असावा, याचा शोध घेऊ लागलो म्हणजे एका शहराच्या घरगुती जीवनाचा बराचसा इतिहास हाती लागतो.

प्रथम त्या इंचाविषयी. हे माप पडद्याच्या रुंदीचे नसते आणि उंचीचेही नसते. ते एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतच्या कर्णाचे असते. याचे कारण ऐतिहासिक आहे. दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या काचनळ्यांचे तोंड वाटोळे असे, आणि वाटोळ्या वस्तूचे माप तिच्या व्यासानेच सांगावयाचे. पुढे नळ्या चौकोनी झाल्या, परंतु धंद्याची मोजण्याची सवय सुटली नाही. व्यासाच्या जागी कर्ण आला एवढेच. आपल्याकडे दशमान पद्धती येऊन अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, जाहिरातीत सेंटिमीटर छापले जातात, तरी बोलण्यात इंचच राहिला. या इंचाच्या जोडीला मी दुसरे एक माप वापरणार आहे. ते दुकानात कोणी विचारीत नाही. ते माप म्हणजे पडद्यासमोर बसणाऱ्या माणसांची संख्या.

घरात पडदा लावण्याची हौस दूरचित्रवाणीहून पुष्कळ जुनी आहे. १८९२ च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर पाडण्याचे प्रयोग सुरू केले आणि त्यांना 'शांबरिक खरोलिका' असे भारदस्त नाव दिले. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दिसली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये, कलकत्त्यात हीरालाल सेन यांनी आपल्या भावाच्या साह्याने रॉयल बायोस्कोप कंपनी काढली. ही कंपनी नाट्यगृहांत जशी खेळ करी तशी धनिकांच्या आणि जमीनदारांच्या वाड्यांतही करी. घरगुती मोठ्या पडद्याचा हा कलकत्त्यातील आरंभ होय. पडदा विस्तीर्ण, यजमान श्रीमंत आणि प्रेक्षक म्हणजे वाड्यातील सारा गोतावळा. १९०२ मध्ये जमशेदजी मादन यांनी मैदानावर तंबू ठोकून चित्रपट दाखवावयास सुरुवात केली आणि १९०७ मध्ये एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस उभारला. त्यामुळे वाड्याबाहेरच्या सामान्य माणसालाही तिकिटाच्या पैशात मोठा पडदा मिळाला. मात्र तो पाहण्यासाठी घर सोडून जावे लागे. पडदा घरी यावा आणि त्याचा खर्च आपल्याला झेपावा, या दोन गोष्टी एकत्र येण्यास आणखी सत्तर-पाऊणशे वर्षे जावी लागली.

दरम्यानच्या काळात घरात आली ती नभोवाणी. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी आणि कलकत्ता केंद्र २६ ऑगस्ट १९२७ रोजी सुरू झाले. ऐकणाऱ्याला वर्षाला दहा रुपयांचा परवाना काढावा लागे. यंत्र महाग, परवान्याचा खर्च वेगळा, म्हणून संच थोडे आणि ऐकणारे पुष्कळ अशी स्थिती होती. बंगालमध्ये या श्रवणाला एक व्रताचे रूप आले ते महालयेच्या पहाटे. गेल्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या आरंभी सुरू झालेला 'महिषासुरमर्दिनी' हा कार्यक्रम आणि बीरेंद्रकृष्ण भद्र यांचे चंडीपठण ऐकण्यासाठी घरेच्या घरे अंधारात उठून बसत, आणि आजही बसतात. पूजेपूर्वी यंत्र दुरुस्त करून घ्यावे किंवा नवे आणावे, ही बंगाली घराची रीत तेव्हाच पडली. आज चांदनी चौकात होणारी गर्दी त्याच रीतीची पुढची पिढी आहे.

भारतात दूरचित्रवाणीचा प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाला. आठवड्यातून दोनदा थोडा वेळ कार्यक्रम होत आणि ते सामुदायिक संचांवर मंडळे करून पाहावयाचे असत. दैनंदिन प्रक्षेपण १९६५ साली आले. २५ डिसेंबर १९६४ रोजी ढाक्यात दूरचित्रवाणी सुरू झाली होती; म्हणजे बंगाली भाषा पडद्यावर प्रथम बोलली ती कलकत्त्याच्या आधी ढाक्यात. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी उघडले. कलकत्त्याची पाळी आली ९ ऑगस्ट १९७५ रोजी. टॉलीगंज येथील राधा स्टुडिओ या जुन्या चित्रपटनिर्मितीच्या वास्तूत केंद्राने संसार मांडला आणि १९८६ साली ते गोल्फ ग्रीनमधील स्वतःच्या इमारतीत गेले. योगायोग असा की, कलकत्ता केंद्राच्या आठच दिवस आधी, १ ऑगस्ट १९७५ रोजी, उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना दूरचित्रवाणी दाखविण्याचा प्रयोग सुरू झाला होता. गावाला एक संच आणि त्यापुढे सारे गाव. शहरात योजना तशी नव्हती, परंतु प्रत्यक्षात घडले मात्र तेच.

त्या काळचा संच डोळ्यांपुढे आणावा. लाकडी पेटी, काही पेट्यांना कुलूप लावता येईल अशी सरकती दारे, वर भरतकाम केलेला रुमाल, गच्चीवर माशाच्या काट्यासारखी दिसणारी अँटेना. पडदा बहुधा वीस इंची आणि चित्र कृष्णधवल. संचासाठी टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे व तो दरवर्षी नवा करून घ्यावा लागे. ही पद्धत ऐंशीच्या दशकाच्या मध्यास बंद झाली. विजेचा दाब स्थिर नसे, म्हणून संचाबरोबर स्टॅबिलायझर घेणे भाग असे. त्या काळी कलकत्त्यात वीजकपात, म्हणजे तेथील बोलीत 'लोडशेडिंग', हा ऋतूंइतकाच नित्याचा विषय होता. चित्रपट रंगात आला असता सारी आळी एकदम अंधारात बुडे. तरीही आठवड्याच्या शेवटी चित्रपट दाखविला जावयाचा असला म्हणजे ज्या घरी संच असेल त्या घरी आळीतील माणसे जमत. चौरंगीच्या दक्षिणेस हाजरा रोडवर महाराष्ट्र निवासाच्या आसपास वावरणाऱ्या मराठी मंडळींना आणखी एक उणीव जाणवे. प्रक्षेपणाच्या लहरी साधारणतः क्षितिजापर्यंतच पोहोचत. त्यामुळे मुंबईकरांच्या बोलण्यातला 'गजरा' किंवा 'चिमणराव' त्यांना पत्रांतून कळे, डोळ्यांना दिसत नसे. उलट उंच अँटेना उभारून ढाक्याची नाटके पाहणारी घरे त्याच शहरात होती. कलकत्त्याहून ढाका जवळ आणि मुंबई दूर, हे भूगोलाच्या पुस्तकापेक्षा अँटेनेने अधिक स्पष्ट केले.

आता आपले दुसरे माप लावून पाहू. वीस इंची पडद्याची रुंदी सोळा इंच आणि उंची बारा इंच. क्षेत्रफळ १९२ चौरस इंच. त्यापुढे तीस माणसे बसली आहेत असे धरले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा-साडेसहा चौरस इंच पडदा येतो. एखाद्या आगपेटीच्या दोन्ही बाजू मिळून होईल एवढा. त्या गर्दीच्या आठवणी आज फार गोडीने सांगितल्या जातात. शेजारधर्म होता, घर सर्वांना खुले होते, कोणी एकटे नव्हते, असे म्हणतात, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु इतिहास सांगताना दुसरी बाजू झाकता येत नाही. खुर्च्यांवर यजमानांचे आप्त बसत, सतरंजीवर शेजारी बसत आणि दाराच्या उंबऱ्यापाशी मोलकरीण व तिची मुले उभी असत. दार केव्हा लावून घ्यावयाचे हे यजमानाच्या मर्जीवर असे. दुसऱ्याच्या घरी सिनेमा पाहावयास जाणाऱ्या मुलाला आज आत घेतील की नाही, ही धाकधूक वाटतच असे. म्हणून स्वस्त संच ज्या दिवशी त्या मुलाच्या स्वतःच्या घरी आला, त्या दिवशी त्याला लाभलेली वस्तू करमणुकीहून मोठी होती. आपल्या घरात, आपल्या जागेवर, कोणाची परवानगी न घेता बसण्याचा मान त्याला मिळाला.

संच स्वस्त होण्याची प्रक्रिया सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून चालू झाली. दिल्लीचा वेस्टन, मद्रासचे डायनोरा व सॉलिडेअर, हैदराबादच्या सरकारी कंपनीचा ईसी, खुद्द कलकत्त्याचे सोनोडाइन आणि टेलेरामा, अशी नावे घरोघर झाली. १९८२ हे वर्ष या इतिहासातील मैलाचा दगड होय. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टपासून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि वर्षाअखेरीस दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धा रंगांत दिसल्या. सत्यजित राय यांनी १९८१ साली दूरदर्शनसाठी केलेला 'सद्गती' हा चित्रपटही रंगीतच होता. पुढे औरंगाबादच्या परिसरात व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला आणि ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात एका मराठी जिल्ह्यात तयार झालेला रंगीत संच बंगाली दिवाणखान्यात जाऊन बसला.

कलकत्त्याने रंगीत पडद्याचे खरे सार्थक केले ते १९८६ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत. मेक्सिकोतील भर दुपारचा सामना आपल्याकडे रात्री साडेअकरा वाजता सुरू होई. २९ जून १९८६ च्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाने पश्चिम जर्मनीवर ३–२ असा विजय मिळविला, तेव्हा कलकत्त्यात मध्यरात्र उलटून गेली होती. मोहनबागान आणि ईस्ट बेंगॉल यांच्यावरून वाटल्या गेलेल्या त्या शहरात माराडोनाच्या देशाचे निशाण तेव्हापासून जे फडकू लागले ते आजतागायत उतरलेले नाही. जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' आले आणि ऑक्टोबर १९८८ पासून 'महाभारत'. पडदा अजून वीस इंचांचाच होता. समोरची माणसेही अजून वीस-पंचवीसच्या खाली आली नव्हती. लहान पडदा आणि मोठा प्रेक्षकवर्ग यांच्या सहवासाचा हा शेवटचा काळ.

१९९१ नंतर दोन्ही मापे विरुद्ध दिशांनी चालू लागली. आळीतील एखाद्या उद्योगी तरुणाने गच्चीवर तबकडी बसवून घरोघर तारा ओढल्या; उपग्रह वाहिन्या आल्या. आयातीवरील आणि उद्योगांवरील बंधने सैल झाली, नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात कोरियन कंपन्या आल्या आणि रंगीत संचांच्या किमतींत चुरस लागली. १९९९ साली अल्फा मराठी वाहिनी निघाली आणि हाजरा रोडवरील मराठी घरात अखेर मराठी बोलणारा पडदा आला. पंचवीस वर्षांपूर्वी क्षितिजाने घातलेली मर्यादा उपग्रहाने काढून टाकली. वीस इंचांचे एकवीस झाले, मग एकोणतीस. परंतु काचनळीला एक जन्मजात अडचण होती. पडदा जितका रुंद, तितकी नळी मागे खोल आणि काच जाड. एकोणतीस इंची संच जिन्यावरून चढवावयाचा म्हणजे दोन-चार माणसे लागत. उत्तर कोलकात्यातील जुन्या घरांचे अरुंद जिने ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या अडचणीची कल्पना येईल. त्याहून मोठा पडदा बेताच्या घराला परवडणारा नव्हता आणि मावणाराही नव्हता.

ही अडचण दूर केली ती द्रवस्फटिकाच्या सपाट पडद्याने. तो स्वस्त का झाला हे समजावयास शिंप्याचे उदाहरण पुरे आहे. हे पडदे एका मोठ्या काचेच्या तावातून कापतात. ताव जितका मोठा आणि कापताना वाया जाणारा तुकडा जितका लहान, तितका प्रत्येक पडदा स्वस्त. साडेआठव्या पिढीचा म्हणून ओळखला जाणारा ताव २.२ मीटर रुंद आणि २.५ मीटर लांब असतो. त्यातून पंचावन्न इंची सहा पडदे नीट निघतात. साडेदहाव्या पिढीचा ताव सुमारे ३ मीटर बाय ३.४ मीटर, त्यातून पासष्ट इंची आठ किंवा पंचाहत्तर इंची सहा. चीनमध्ये २०१७ च्या अखेरीपासून असे प्रचंड ताव तयार होऊ लागले आणि मोठ्या पडद्यांच्या किमती उतरल्या. थानातून नेमके बसणारे माप स्वस्त पडते. म्हणून दुकानात पंचावन्न आणि पासष्ट या मापांचे संच मुबलक दिसतात आणि त्यांच्या आगेमागे एखाद्या इंचाचा फरक असलेले माप शोधावयास जाणे बहुधा तोट्याचे ठरते.

शासनानेही या इंचांकडे वेळोवेळी निरनिराळ्या दृष्टींनी पाहिले आहे. ज्या काळी परवाना होता, त्या काळी संच ही चैन होती. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा दूरचित्रवाणी संच २८ टक्क्यांच्या वरच्या पायरीवर ठेवला गेला. जुलै २०१८ मध्ये सत्तावीस इंचांपर्यंतचे संच १८ टक्क्यांवर आणले गेले. १ जानेवारी २०१९ पासून ही रेषा बत्तीस इंचांवर सरकली. बत्तीसपर्यंत गरज आणि त्यापुढे चैन, असा जणू राजमान्य निर्णय होता. २२ सप्टेंबर २०२५ रोजी ती रेषा पुसली गेली आणि सर्व मापांना १८ टक्केच कर लागू झाला. तो दिवस घटस्थापनेचा. आदल्याच दिवशी बंगालने महालया ऐकली होती. हिशेब साधा आहे. कराविना तीस हजारांचा संच पूर्वी ३८,४०० रुपयांना पडे, तो आता ३५,४०० रुपयांना पडतो. बचत तीन हजारांची. तिचे स्वागत करावे. मात्र तीन हजार वाचले म्हणून दहा हजारांनी महाग संच घेणे हा हिशेब नव्हे.

मग बेताच्या घराने किती इंच घ्यावेत? उत्तर भिंतीच्या रुंदीत शोधले जाते. खरे पाहता ते बैठकीपासून पडद्यापर्यंतच्या अंतरात आहे. चित्रपटाचा परिणाम साधण्यास पडद्याने डोळ्यापाशी सुमारे तीस अंशांचा कोन करावा असा तज्ज्ञांचा संकेत आहे. त्याचे गणित मांडले तर सोपा नियम निघतो: अंतराच्या फुटांना साडेसातने गुणावे, ती वरची मर्यादा, पाचाने गुणावे, ती खालची. दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला टेकून ठेवलेल्या कोचावरून पडदा साधारणतः आठ फुटांवर येतो. म्हणजे चाळीस ते साठ इंच. बातम्या आणि मालिका हाच मुख्य कार्यक्रम असेल तर त्रेचाळीस इंच पुष्कळ झाले. फुटबॉल आणि चित्रपट यांची आवड असेल तर पंचावन्न. अंतर सहा फूटच असेल तर पंचेचाळिसाच्या पुढे जाऊ नये. जुने कागद किंवा वर्तमानपत्र त्या मापाचे कापून भिंतीवर चिकटवावे आणि चार दिवस त्याकडे पाहत जेवावे. दुकानातील झगझगाटापेक्षा ते अधिक खरे बोलते.

येथे एक गोष्ट जुन्या चित्रपटांच्या रसिकांनी ध्यानात घ्यावी. पूर्वीचा पडदा चारास तीन या प्रमाणाचा होता. आताचा सोळास नऊ आहे. नव्या बत्तीस इंची पडद्याची उंची पावणेसोळा इंच भरते, तर जुन्या एकोणतीस इंची नळीची उंची सव्वासतरा इंचांहून अधिक होती. त्यामुळे 'पथेर पांचाली' किंवा प्रभातचा एखादा चित्रपट बत्तीस इंची संचावर लावला, की दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या राहतात आणि चित्र प्रत्यक्षात सव्वीस इंचांचेच दिसते. जुना संच काढून नवा आणला आणि चित्र लहान झाले, असा अनुभव अनेकांना आला तो यामुळे. तसेच, मोठा पडदा चित्राचे गुण मोठे करतो तसे दोषही मोठे करतो. दूरदर्शनच्या जुन्या पद्धतीत ६२५ रेषा असत आणि त्यांतील ५७६ चित्राच्या वाट्याला येत. वीस इंची पडद्यावर अशी एक रेषा अर्ध्या मिलिमीटरची होती. पंचावन्न इंचांवर ती सव्वा मिलिमीटरच्या जवळ जाते. केबलवरील वाहिनी जुन्याच रेषांची असेल, तर पडदा वाढवून चित्र धूसरच होणार. म्हणून आधी आपल्या घरी येणारे प्रक्षेपण पाहावे, मग पडदा. 'फोर के' या अक्षरांच्या मोहाविषयीही हेच. पंचावन्न इंची पडद्यापासून सात फुटांहून दूर बसल्यास, १,९२० आणि ३,८४० ठिपक्यांतील भेद निरोगी डोळ्यालाही फारसा जाणवत नाही. तो गुण फुकट मिळाला तर घ्यावा. त्याच्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण नाही.

आणखी तीन गोष्टी दुकानात कोणी आपण होऊन सांगत नाही. द्रवस्फटिकाच्या काही पडद्यांत काळा रंग गडद दिसतो, पण बाजूला बसलेल्याला चित्र फिके दिसते. काहींत काळा थोडा उणा, पण चित्र सर्व बाजूंनी सारखे. ज्या घरात माणसे खोलीभर पसरून बसतात, त्या घराने दुसरा प्रकार निवडावा, आणि त्यासाठी दुकानात संचाच्या अगदी कडेला उभे राहून पाहावे. पातळ संचात ध्वनीला जागा नसते; जुन्या लाकडी पेटीचा भरदार आवाज त्यातून येत नाही, तेव्हा ध्वनिक्षेपकाचा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरावा. आणि बंगालमध्ये चैत्र-वैशाखात येणाऱ्या कालवैशाखीच्या वादळात वीज कडाडू लागली की संचाची आणि केबलची दोन्ही टोके काढून ठेवावीत. माझ्यासारख्या बदलीच्या नोकरीतील माणसाने एक चौथी गोष्टही पाहावी: संचाचे मूळ खोके माळ्यावर जपून ठेवण्यास जागा आहे की नाही. पासष्ट इंची काच बदलीच्या ट्रकात खोक्यावाचून टिकणे कठीण.

या साऱ्या हिशेबानंतर आपले दुसरे माप पुन्हा हाती घेऊ. पंचावन्न इंची पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे बाराशे नव्वद चौरस इंच. आज त्यापुढे बहुधा दोन माणसे असतात. मुले आपापल्या दूरध्वनीच्या पडद्यात असतात. माणशी सुमारे साडेसहाशे चौरस इंच. पन्नास वर्षांत प्रत्येकाच्या वाट्याचा पडदा शंभरपट झाला. जमीनदाराच्या वाड्यातील बायोस्कोपालाही हे वैभव साधले नव्हते. ही मिळकत खरी आहे. उंबऱ्यापाशी उभ्या राहणाऱ्या त्या मोलकरणीच्या घरी आज तिचा स्वतःचा संच असतो आणि ती तिच्या स्वतःच्या बाजेवर बसून तो पाहते. या एका गोष्टीसाठी स्वस्ताईचे सारे श्रेय मान्य करावे. मोतीबिंदूने अंधुक झालेल्या डोळ्यांना, पडद्याखालची अक्षरे वाचू न शकणाऱ्या वृद्धांना, मोठा पडदा चैन राहिलेला नाही. त्यांच्या घरी नियमाच्या वरच्या मर्यादेपर्यंत खुशाल जावे.

परंतु संच किती महाग पडला हे किमतीच्या पावतीवरून पुरते ठरत नाही. तो किती वर्षे टिकला आणि त्यापुढे किती माणसे बसली, यांनी त्या किमतीला भागावे लागते. विश्वचषकाच्या रात्री कोलकात्यातील तरुण मंडळी घरोघरचे मोठे पडदे सोडून आळीतल्या क्लबात एका पडद्यापुढे दाटीवाटीने बसतात. त्यांना घरी जागा अपुरी नसते, चित्रही घरी अधिक चांगले दिसते. गोल झाला म्हणजे ज्याच्या पाठीवर थाप मारावयाची तो शेजारी मात्र घरी नसतो. हा अनुभव संच घेतानाही उपयोगी पडतो. चांदनी चौकात 'किती इंची?' असे विचारले गेले की आधी मनाशी मोजावे: आपल्या कोचावर किती जण बसतील, शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजोबांसाठी एक खुर्ची जास्तीची मांडता येईल का, आणि त्या खुर्चीवरून चित्र नीट दिसेल का. या प्रश्नांची उत्तरे ज्याच्याजवळ आहेत त्याला इंचांचा आकडा सांगावयास वेळ लागणार नाही, आणि तो आकडा त्याच्या घराला परवडणारा असेल.